सातवा गठ्ठा

विद्यापीठात विद्यार्थ्याचा फॉर्म कधी हरवत नाही. तो ‘वर गेलेला’ असतो, ‘टेबलावर’ असतो, ‘साहेबांच्या सहीला’ असतो, ‘प्रोसेसमध्ये’ असतो, किंवा मुळात ‘कॉलेजकडूनच आलेला नसतो’. अगदीच गळ्याशी आलं तर तो ‘ट्रेस होत नाही’. मराठी भाषेनेही कचेऱ्यांची या बाबतीत मोठी सोय करून ठेवली आहे. काच फोडली म्हटलं की फोडणारा लागतो, कागद फाडला म्हटलं की फाडणारा लागतो. पण ‘फॉर्म हरवला’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं. कोणी हरवला, असं विचारायची व्याकरणाला गरज वाटत नाही. फॉर्मच जणू सकाळी अकराच्या चहाला म्हणून बाहेर पडला आणि परत आला नाही.

या लेखातला विद्यार्थी काल्पनिक आहे. तो लातूरचा असेल, चिपळूणचा असेल, कारंज्याचा असेल. तो अस्तित्वात नाही, आणि याबाबत लेखक व विद्यापीठ यांचं संपूर्ण एकमत आहे. विद्यापीठ कोणतं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला ते आपलंच वाटणार. लेखात येणारे कायदे, सालं आणि शासकीय रकमा मात्र खऱ्या आहेत.

तर या विद्यार्थ्याने एका विद्यापीठातून बी.कॉम. केलं. मग एक वर्ष पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका कॉटवर राहून एमपीएससीचा अभ्यास केला. पूर्वपरीक्षेने त्याला नम्रपणे निरोप दिला. मग त्याने दुसऱ्या विद्यापीठाच्या एका कॉलेजात एम.कॉम.ला नाव घातलं. एवढ्याशा चरित्राला पुरावे म्हणून पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका, आधीच्या कॉलेजचा दाखला, आधीच्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र (जे मिळवायला तिकडे दोन खेपा घालाव्या लागल्या) आणि मधल्या वर्षासाठी गॅप सर्टिफिकेट लागलं. माणसाने काही केलं असेल तर त्याचा दाखला मागावा, हे समजतं. गॅप सर्टिफिकेट हा काहीच न केल्याचा दाखला आहे. ‘सदर कालावधीत मी कोठेही प्रवेश घेतलेला नाही’ हे प्रतिज्ञेवर सांगावं लागतं. सदाशिव पेठेत खाल्लेल्या मेसच्या डब्यांची त्यात नोंद नसते.

हे सगळं ऑनलाइन भरायचं. ऑनलाइन भरून झालं की त्याची प्रिंट काढायची. प्रिंटला ‘हार्ड कॉपी’ म्हणायचं, तिला सगळ्या कागदांच्या झेरॉक्स जोडायच्या, आणि ते पुडकं कॉलेजच्या ऑफिसात द्यायचं. कॉलेज अशी सगळी पुडकी एकत्र करून, वर कव्हरिंग लेटर लावून, सुतळीने आवळून विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे पाठवतं. कागद वाचावा म्हणून आलेल्या संगणकाने महाराष्ट्रात सुतळीचा खप मात्र कमी होऊ दिलेला नाही.

पात्रता ही चीज समजून घ्यायला हवी. विद्यार्थ्याला प्रवेश मिळालेला असतो, त्याने फी भरलेली असते, तो वर्गात बसतो, परीक्षाही देतो. तो त्या अभ्यासक्रमाला लायक आहे की नाही हे मात्र विद्यापीठ नंतर सवडीने ठरवतं. लग्न लागलं, बारसं झालं, आणि मग पत्रिका जुळते का बघायला गुरुजींकडे पाठवली, त्यातला हा प्रकार. पत्रिका जुळली की कायमस्वरूपी नोंदणी क्रमांक पक्का होतो. सगळे त्याला पीआरएन म्हणतात. आधार क्रमांक बारा आकडी, मोबाइल दहा आकडी. पीआरएन बहुतेक ठिकाणी सोळा आकडी असतो आणि त्याची सुरुवात प्रवेशाच्या सालाने होते. देशाच्या एकशेचाळीस कोटी लोकांना बारा आकड्यांत भागतं, विद्यापीठाला सोळा लागतात.

आपल्या विद्यार्थ्याला काही गडबड आहे हे कळलं पहिल्या सत्राच्या निकालाच्या दिवशी. मित्रांना गुण दिसले. त्याला दिसलं : ‘निकाल राखीव’. राखीव शब्दाने त्याला क्षणभर बरंही वाटलं. रेल्वेत राखीव म्हणजे चांगलं असतं. मग खाली बारीक अक्षरात कारण दिसलं : पात्रता.

कॉलेजच्या ऑफिसात त्याला सांगितलं, आम्ही फॉर्म पाठवलाय, विद्यापीठात विचार. तो विद्यापीठात गेला. एसटी, मग रिक्षा, मग चालत, मग चुकीची इमारत, मग बरोबर इमारतीचा चुकीचा मजला. शेवटी खिडकी सापडली. खिडकीवर ‘भोजनाची वेळ १.३० ते २’ असं लिहिलं होतं, आणि तो दीड वाजून एका मिनिटाने पोचला होता. अडीचला खिडकीमागे मॅडम आल्या.

“मॅडम, एम.कॉम. पार्ट वन. पात्रतेमुळे निकाल राखीव दाखवतोय.”

“कॉलेज कोड सांग.”

त्याने सांगितला. मॅडमनी गठ्ठा काढला, अंगठा जिभेला लावून फॉर्म मोजले, पुन्हा मोजले.

“तुमच्या कॉलेजचे चौसष्ट आलेत. त्यात तू नाहीस.”

“पण मॅडम, लेटरवर पासष्ट लिहिलेत.”

“लेटरवर असतील. गठ्ठ्यात चौसष्ट आहेत.”

“मग पासष्टावा?”

“तो तूच ना? मग तुलाच माहीत पाहिजे.”

मॅडमना यात खलनायिका करणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. त्यांच्या टेबलावर आणखी कितीतरी कॉलेजांचे गठ्ठे आहेत. शेजारच्या खुर्चीवरचे क्लार्क निवृत्त झाले, ती जागा भरलेली नाही, आणि पलीकडच्या कंत्राटी मुलाला अजून गठ्ठे कुठून येतात आणि कुठे जातात तेच नीट कळलेलं नाही. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाचा पसारा सातशेच्या आसपास संलग्न कॉलेजांचा आहे. म्हणजे दर जुलैत सातशे दिशांनी सातशे गठ्ठे निघतात, आणि ते मोजायला थोडी माणसं आणि त्यांचे तितकेच अंगठे.

पूर्वी हे सोपं होतं. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८६२ साली त्याने पहिले पदवीधर बाहेर काढले. त्यांत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते. असल्या बॅचमध्ये फॉर्म हरवला तरी बिघडत नव्हतं, मान वर करून वर्गात बघितलं की झालं. रानड्यांच्या उत्तरपत्रिकेची तर एक गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना ती इतकी आवडली, की हिंदुस्थानातले विद्यार्थी कसे लिहितात हे दाखवायला त्यांनी ती एडिंबरा विद्यापीठाकडे पाठवली. सुएझचा कालवा तेव्हा खुला झाला नव्हता, तो झाला १८६९ साली. एवढ्या लांबच्या वाटेवर एक उत्तरपत्रिका पाठवायची हिंमत त्या काळी होती. आज तालुक्याच्या गावातून विद्यापीठाच्या इमारतीपर्यंत फॉर्म पाठवताना कॉलेजचे शिपाईमामा मनातल्या मनात गणपतीचं नाव घेतात.

बरं, कागद सांभाळायची विद्या आपल्याकडे नाही असंही नाही. पुण्यात पेशवे दफ्तर आहे. मोडीतले कोट्यवधी कागद तिथे कापडी रुमालांत बांधून ठेवले आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. जे राज्य १८१८ साली बुडालं त्याच्या मोहिमांची पत्रं आणि जमाखर्च आजही मागितले तर रुमाल सोडून दाखवतात. विद्यापीठ मात्र बुडालेलं नाही, चांगलं चालू आहे, आणि अडचण बहुधा तीच आहे. बंद पडलेल्या दफ्तरातून कागद जायला वाट नसते.

राज्याच्या महसुली कचेऱ्यांत तर या विद्येचं शास्त्रच झालेलं आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीची मांडणी, टेबलं आणि नोंदी मुळापासून बदलल्या. तो ‘लखिना पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला. आणि सरकारी टेबलावर ज्याने एकदा तरी हात टेकले आहेत त्याला ‘सहा गठ्ठे पद्धत’ माहीत असते. प्रत्येक कारकुनाने आपल्याकडचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे. पहिला प्रलंबित प्रकरणांचा. दुसरा प्रतीक्षेतल्या प्रकरणांचा, म्हणजे आपलं काम झालंय पण दुसऱ्याचं उत्तर यायचंय असे कागद. तिसरा नियतकालिकांचा, ही नियतकालिकं म्हणजे आपण वाचत आहात तसली नव्हेत, ठराविक मुदतीने वर पाठवायची विवरणपत्रं. चौथा स्थायी आदेशांचा. पाचवा अभिलेख कक्षात धाडायच्या संचिकांचा. आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. त्यावर पुन्हा अ, ब, क, ड अशी प्रतवारी. ‘अ’ कागद कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षं, आणि ‘ड’ला जेमतेम वर्षभराचं आयुष्य.

पद्धत इतकी बिनतोड आहे, की जगातला कुठलाही कागद या सहांपैकी एका गठ्ठ्यात बसलाच पाहिजे. बसत नाही तो एकच. सापडत नसलेल्या कागदांचा सातवा गठ्ठा कुठल्याच परिपत्रकात सांगितलेला नाही. त्यामुळे नियमाने बघितलं तर असा कागदच असू शकत नाही. पासष्टावा फॉर्म सातव्या गठ्ठ्यात आहे आणि सातवा गठ्ठा नाही. सुतळी इथेच सुटते.

कागद सातव्या गठ्ठ्यात जातो कसा, याची कारणं पुष्कळदा अगदी साधी असतात. दोन फॉर्म एकाच टाचणीला अडकतात. बी.कॉम.च्या गठ्ठ्यात एम.कॉम.चा फॉर्म जातो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपली नावं. राज्य बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. इंग्रजी अक्षरांनी यादी लावायची म्हटली तर ‘ज्ञानेश्वर’ कुठे ठेवायचा? कोणी डीने लिहितो, कोणी जीने, कोणी जेने. माउली एकच, कप्पे तीन. दीपाली कधी एका आयची असते, कधी दोन ईंची. बारावीतली दीपाली आणि बी.ए.मधली दीपाली एकच आहे हे सिद्ध करायला मग प्रतिज्ञापत्र करावं लागतं. यात आणखी एक भर पडणार आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी चौपदरी नोंद करायचं राज्य सरकारने ठरवलं. आईचं नाव कागदावर आलं हे उत्तम झालं, त्याला उशीरच झाला होता. पण ही मुलं २०४२च्या सुमारास विद्यापीठाच्या दारात उभी राहतील, तेव्हा फॉर्मवर तीनच चौकोन असणार, ही काळ्या दगडावरची रेघ.

विद्यापीठाच्या फाटकाबाहेर झेरॉक्सचं दुकान असतं. तिथला माणूस हा खरा कुलसचिव. कुठल्या कामाला कुठला फॉर्म, तो कुठल्या खिडकीवर, कोणते साहेब गुरुवारी नसतात, चलन कोणत्या बँकेत लवकर होतं, हे त्याला तोंडपाठ. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जे तीन वर्षांपूर्वीचं आहे ते त्याच्या भिंतीवर आजचं चिकटवलेलं असतं. आपल्या विद्यार्थ्याची कहाणी त्याने मशीनचं झाकण न सोडता ऐकली आणि विचारलं, “पोच घेतली होती का?”

पोच कॉलेजने घेतली असणार होती.

“कॉलेजची पोच कॉलेजला. तुझी पोच कुठाय?” मग त्याला दया आली. “माहिती अधिकार टाक. आणि ‘माझा फॉर्म कुठाय’ असं विचारू नको. प्रश्न विचारलास की उत्तर येतं, माहिती नाही येत.”

विद्यार्थ्याने सल्ला निम्माच ऐकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून त्याने अर्ज केला आणि कळवळून विचारलं, माझा फॉर्म कुठे आहे, आणि माझा निकाल का अडवला आहे? कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे. विद्यापीठाने एकोणतिसाव्या दिवशी उत्तर दिलं, त्या बाबतीत त्याला कोणी नावं ठेवू नयेत. उत्तर असं : ‘आपण प्रश्न विचारला आहे. अधिनियमान्वये उपलब्ध माहिती देता येते, कारणमीमांसा देता येत नाही.’ झेरॉक्सवाला नुसता हसला आणि त्याने एका कागदाच्या पाठीवर दुसरा अर्ज सांगून लिहून घेतला : ‘अमुक दिनांकाच्या आवक नोंदवहीच्या पानाची प्रत मिळावी.’

या वेळी पान आलं. माहितीच्या अधिकारात एका पानाला दोन रुपये पडतात, आणि एवढ्या स्वस्तात एवढं सुख विद्यार्थ्याला आयुष्यात मिळालं नव्हतं. आवक क्रमांक, तारीख, कॉलेजचं नाव, आणि पुढे निळ्या शाईत लिहिलेलं : ‘पात्रता फॉर्म – ६५ नग’. नग! तो नग होता. पासष्ट नगांपैकी एक, पण होता.

कायदाही त्याच्या बाजूने होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि विद्यार्थ्याला ती पाहता येते, असं सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली त्याही पुढे जाऊन बजावलं, की सरकारी कागद सापडत नाही एवढं म्हणून माहिती नाकारता येणार नाही. कसून शोध घ्या, आणि गहाळ झाला असेल तर जबाबदारी निश्चित करा. माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय २००५ सालचा राज्याचा दप्तर दिरंगाईचा कायदा आहे. त्याप्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त काळ फाइल सहसा पडून राहता कामा नये. या तरतुदीची खुबी लक्षात घ्यावी. फाइल टेबलावर पडून राहता कामा नये. टेबलाखाली, कपाटामागे आणि बी.कॉम.च्या गठ्ठ्यात पडून राहण्याबद्दल कायदा मौन पाळतो.

नोंदवहीचं पान घेऊन विद्यार्थी खिडकीवर गेला. मॅडमनी ते वाचलं, नाकावरचा चष्मा वर केला आणि खऱ्या सहानुभूतीने म्हणाल्या, “अरे, आला होता रे. कोण नाही म्हणतंय? पण आता नाहीये ना.”

इथे कोणी म्हणेल, हे सगळं कागदाच्या काळातलं झालं, संगणक आला की मिटेल. संगणक आला तेव्हाची गोष्ट मुंबईकर विसरलेले नाहीत. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं. एकदम सगळ्या परीक्षांना, सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिकांना. विद्यापीठ कायदा सांगतो, निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावा. राज्यपालांनी कुलपती या नात्याने ३१ जुलैची मुदत घालून दिली. ती टळली आणि ऑगस्टही गेला. कॉलेजचे वर्ग बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवलं. काही उत्तरपत्रिका तर कोणाच्या आहेत तेच लागेना, काही सापडेनात. ज्यांच्या सापडल्या नाहीत त्यांना सरासरी गुण देण्याची तोड निघाली. शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. सरासरी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याची अवस्था मात्र नीट विचार करण्यासारखी आहे. त्याने पेपर लिहिला, तो हरवला, आणि मग बाकीच्या पेपरांत तो ज्या लायकीचा दिसला त्याच लायकीचा या पेपरातही असणार, असं ठरवून टाकलं. आमच्या गल्लीत लहानपणी चेंडू हरवला की असाच ‘दोन रन धर’ म्हणून निकाल लागायचा.

आता डिजिलॉकर आहे. तो २०१५ साली आला, आणि त्यातला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे असं नियमही सांगतो. २०२१ पासून श्रेयांकांची बँक आहे, बारा आकडी ‘अपार’ क्रमांक आहे. ही सगळी व्यवस्था चांगली आहे, आणि पुढची पिढी कदाचित सुटेलही. विद्यार्थ्याने खिडकीवर मोबाइल धरून डिजिलॉकरमधली गुणपत्रिका दाखवली. मॅडमनी ती कौतुकाने पाहिली. मग म्हणाल्या, “छान आहे. याची प्रिंट आण. दोन प्रती.”

अखेर तोड निघाली ती जुनीच : डुप्लिकेट फॉर्म भरायचा. विद्यार्थी आनंदाने तयार झाला. मग त्याला कळलं, की मुदत संपून सहा महिने झाल्यामुळे विलंब शुल्क आणि वर अतिविलंब शुल्क भरावं लागेल. विलंबाच्या अशा दोन पायऱ्या मराठी भाषेत फक्त विद्यापीठांनी केल्या आहेत. विद्यार्थ्याचा विलंब, मग अतिविलंब. विद्यापीठाच्या बाजूने होतो त्याला ‘तांत्रिक कारण’ म्हणतात आणि ते निःशुल्क असतं.

शिवाय फॉर्मबरोबर स्थलांतर प्रमाणपत्राची मूळ प्रत गेलेली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच सांगून ठेवलंय, की विद्यार्थ्यांचे मूळ कागद पडताळून लगेच परत द्या, ठेवून घेऊ नका. पण ते ठेवून घेतलं होतं की नाही हेच आता कोणाला सांगता येत नव्हतं. दुसरी प्रत जुन्या विद्यापीठाकडून मिळते. त्यासाठी मूळ प्रत हरवल्याची पोलिसांत नोंद लागते. म्हणून विद्यार्थी चौकीत गेला.

“काय हरवलं?” हवालदार.

“स्थलांतर प्रमाणपत्र.”

“कुठं हरवलं?”

“विद्यापीठात.”

“कसं काय पडलं तुझ्याकडनं?”

“माझ्याकडून नाही. त्यांच्याकडून.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “मग तक्रार त्यांनी द्यायची. तुझं हरवलं असंल तर तुझी घेतो.” मग पोराच्या तोंडाकडे बघून त्यांना राहवलं नाही. “एसटीनं आलास ना?” “हो.” “मग प्रवासात गहाळ झालं असं लिही की बाबा.” महाराष्ट्रात आजवर जितकी प्रमाणपत्रं ‘प्रवासात गहाळ’ झाली, तितकी खरोखर पडली असती तर एसटीला वेगळा डबा जोडावा लागला असता. विद्यार्थ्याने लिहून दिलं. विद्यापीठाने हरवलेला कागद त्याने स्वतः, स्वतःच्या सहीने, एसटीत हरवला. आता हरवणारा मिळाला होता, आणि व्याकरणाची जी उणीव लेखाच्या सुरुवातीला सांगितली ती भरून निघाली.

या टप्प्यावर अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याची आठवण होते, ज्याचं सगळं याच्या नेमकं उलटं झालं. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये १९२७ साली एड स्मिथ नावाच्या मुलाला चुकून दोन प्रवेश फॉर्म आले. एक त्याने स्वतःचा भरला आणि दुसऱ्यावर ‘जॉर्ज पी. बर्डेल’ असं मनचं नाव घातलं. बर्डेलला प्रवेश मिळाला. स्मिथ त्याचा गृहपाठ करायचा, त्याचे पेपर थोडे वेगळे करून लिहायचा. १९३० साली बर्डेलला पदवी मिळाली. माणूस नव्हताच, कागद होता, तेवढा पुरला. पुढे १९६९ साली तिथे नोंदणी संगणकावर आली, तेव्हा विद्यार्थ्यांनी बर्डेलचं नाव झाडून सगळ्या विषयांना घातलं. आमच्याकडे पासष्टावा नग खिडकीसमोर दोन पायांवर उभा आहे, घाम पुसतोय, पण कागद नाही म्हणून तो नाही. तिकडे कागद आहे म्हणून बर्डेल आहे, आणि त्याला घाम येण्याचा प्रश्नच नाही.

तर डुप्लिकेट फॉर्म दाखल झाला. या वेळी विद्यार्थ्याने दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, गोल शिक्का नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारून घेतला, आणि पोचेच्याही दोन झेरॉक्स काढल्या. दोन महिन्यांत त्याची पात्रता मंजूर झाली, पीआरएन मिळाला, राखीव निकाल खुला झाला. दुसरं सत्र, तिसरं, चौथं, तो एम.कॉम. झाला. बाबांनी गावात पेढे वाटले. एका पतसंस्थेत त्याला नोकरी लागली, आणि कर्ज मागायला आलेल्यांकडे तो मूळ प्रत अधिक दोन झेरॉक्स मागू लागला.

नोकरीला लागून वर्ष होत आलं, तेव्हा विद्यापीठाच्या पात्रता विभागात पावसाळ्यात छत गळलं म्हणून कपाट सरकवलं. कपाटामागे बी.कॉम.चा एक जुना गठ्ठा सापडला, आणि त्यात, एका बी.कॉम.च्या मुलीच्या फॉर्मला टाचणीने अडकलेला, आपला पासष्टावा. कागद सापडला की तो निकाली काढायचा हा नियम. कंत्राटी मुलगा आता तरबेज झाला होता. त्याने फॉर्म तपासला, सगळे कागद जागच्या जागी होते, अगदी स्थलांतर प्रमाणपत्राच्या मूळ प्रतीसकट. त्याने तो त्याच दिवशी मंजूर केला. सोळा आकडी नवा पीआरएन तयार झाला.

पंधरा दिवसांनी घरी पत्र आलं. ‘आपण एम.कॉम. अभ्यासक्रमास नियमित प्रवेश घेतला असून चारही सत्रांच्या सर्व परीक्षांना गैरहजर असल्याचे निदर्शनास आले आहे. परीक्षा अर्ज अतिविलंब शुल्कासह भरावा.’ सोबत स्थलांतर प्रमाणपत्राची मूळ प्रत परत पाठवली होती, जी पोलिसांच्या नोंदीनुसार एसटीत पडलेली होती.

त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एसटी पकडली. फाटकाबाहेर झेरॉक्सवाल्याने त्याला लांबूनच ओळखलं. पत्र वाचलं, परत वाचलं, मशीनचं झाकण उघडलं आणि विचारलं,

“एकाच्या काढू की दोघांच्या?”